पिकअपला ट्रेलर आणि डिझेलचा हिशेब

इगतपुरीकडची भाजी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या बाजारी आणायची, तर हल्ली पुष्कळ शेतकरी बंधू डिझेलवर चालणारी पिकअप घेतात. नवी गाडी दारात आली की मनात येते, मागे एक ट्रेलर जोडला तर? फेरा एकच, माल जास्त! विचार चांगला आहे. पण तो आधी कागदावर मांडून पाहा.

समजा, फेरा १२० किलोमीटरचा आहे. एकट्या पिकअपमध्ये १२ क्विंटल माल आहे आणि ती लिटरमागे १२ किलोमीटर जाते. म्हणजे १० लिटर डिझेल लागले; क्विंटलमागे ८३३ मिलिलिटर. आता ट्रेलर जोडला, माल २० क्विंटल झाला आणि गाडी लिटरला ८ किलोमीटरच गेली. डिझेल १५ लिटर लागले, पण क्विंटलमागे खर्च ७५० मिलिलिटरच पडला. मात्र ट्रेलरमध्ये दोनच क्विंटल टाकले आणि गाडी लिटरला १० किलोमीटर गेली, तर क्विंटलमागे ८५७ मिलिलिटर! म्हणजे ट्रेलर भरला तर फायदा, रिकामा ओढला तर तोटा. गाडी लिटरला किती जाते हे विचारताच. एका क्विंटलला किती डिझेल लागले, हेही विचारा.

हे डिझेल जाते कुठे? पहिले, चढावर. मुलुंड समुद्रसपाटीजवळ, तर इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंच. परतताना खताच्या गोण्या नेल्या, तर प्रत्येक टनामागे नुसत्या चढाईला सुमारे अर्धा लिटर डिझेल लागते. दुसरे, वाऱ्यात. वेग ६० वरून ८० वर नेला की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ पावणेदोनपट होतो. उंच रचलेला, सैल ताडपत्रीचा ट्रेलर त्यात भर घालतो. तिसरे, थांबण्यात. पूर्वी मुलुंडच्या नाक्यावर जकातीसाठी गाड्यांची रांग लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ती जकात गेली. पण घाटकोपर-अंधेरीची गर्दी आहेच. जड गाडी थांबवून पुन्हा चालती करायची म्हणजे डिझेल आलेच. म्हणून शक्य तर पहाटे निघावे, वेग एकसारखा ठेवावा, आणि गाडीच्या व ट्रेलरच्या सर्व टायरांत हवा बरोबर ठेवावी.

एक गोष्ट मात्र बचतीच्या नावाखाली कधीही करू नका. कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. नव्या इंजिनात गिअर टाकून, पाय काढून उतरले की डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय मागचा ट्रेलर गाडीला ढकलत असतो. सारा भार ब्रेकवर पडला, ते तापले, की पकड सुटते. वाचले तर चमचाभर डिझेल, आणि जिवाशी गाठ! ट्रेलर जोडण्यापूर्वी कारखान्याने दिलेली ओढण्याची मर्यादा पाहा. ट्रेलरचीही नोंदणी लागते, हे ध्यानात असू द्या.

गुरुजी, आपल्या वर्गात त्रैराशिक चालू असेल, तर वरचेच आकडे फळ्यावर लिहा. मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, ‘आपला क्विंटलचा हिशेब किती?’ त्यासाठी टाकी पूर्ण भरून निघावे, परत आल्यावर पुन्हा भरावी, आणि माल, अंतर व डिझेल वहीत टिपावे. चार फेऱ्यांत खरे काय ते समजेल.