‘मला भूकच नाही’ म्हणणाऱ्या आईसाठी

आषाढी पौर्णिमेची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाची सुरुवात झाली होती. त्रिसरण-पंचशील झाले, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन सुरू झाले आणि अर्ध्या तासात पांढऱ्या साडीतल्या उपासिकांच्या रांगेतली एक सून बसल्या जागी कलंडली. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल हुंगवायला धावले. (चप्पल हुंगवून फिटसुद्धा थांबत नाही. पण ते पुन्हा कधीतरी लिहीन.) मी तीस वर्षे दवाखान्यात नर्स म्हणून काढली आहेत, त्यामुळे हात आपोआप तिच्या डोळ्याकडे गेला. खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग लाल असायला हवा, तो कागदासारखा पांढरा होता.

“सकाळपासून काय खाल्लंस गं?”

“चहा घेतला ना सिस्टर. मला सकाळची भूकच लागत नाही.”

वय एकोणतीस, दोन लेकरे. पहाटे साडेचारला नळाला रांग, मग घरातल्यांचे डबे, मग चार घरची धुणीभांडी. त्या दिवशी तिने अष्टशील घेतले होते, म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही. पण बाराच्या आधी जेवायला तिला वेळ कुठे होता? ती उपोसथ पाळत होती आणि आदल्या रात्रीपासून उपाशी होती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.८. बाईच्या अंगात ते निदान १२ असावे लागते. ८ च्या खाली गेले की डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात.

‘भूकच लागत नाही’ हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकले असेल. ते खोटे नसते, हीच त्यातली अडचण आहे.

पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मेंदूला निरोप देते, की जेवणाची वेळ झाली. हा निरोप घड्याळासारखा सवयीने चालतो. रोज सकाळी नऊला न्याहारी करणाऱ्याला नऊलाच भूक लागते. वर्षानुवर्षे सकाळी न खाणाऱ्याच्या शरीरातला हा निरोप्या सकाळी यायचाच बंद होतो. त्यात आपण चहा ओततो. साखर आणि चहापत्ती मिळून भूक तासभर मारून टाकतात. आणि मिश्री! आपल्या वस्त्यांत किती आयाबाया दात घासायचे म्हणून तव्यावर भाजलेली तंबाखू दिवसातून तीनतीनदा लावतात. तंबाखूतले निकोटिन भूक मारते. कामाच्या मध्ये जेवायला सुट्टी मिळत नाही, तेव्हा मिश्रीच जेवणाची जागा घेते. वर अंगातले लोह कमी झाले की अन्नावरची वासनाही कमी होते. म्हणजे न खाल्ल्याने रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणून खावेसे वाटत नाही.

भूक मेली तरी शरीराची गरज मरत नाही. न खाल्ल्यास यकृतात साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. मग चरबी जळते, त्याबरोबर स्नायूही झिजू लागतात.

माझी आईही असेच म्हणायची. १९७२ च्या दुष्काळात ती गावाकडे खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो यायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा, थापतानाच तुटायची. आम्ही पाच भावंडे. आई सगळ्यांना वाढायची आणि टोपली रिकामी झाली की म्हणायची, “मला भूकच नाही, तुम्ही खा.” आम्हाला ते खरे वाटायचे. नर्सिंग शिकताना रक्तक्षयाचा धडा वाचला तेव्हा मला तिची नखे आठवली. चमच्यासारखी खोलगट झालेली. पुस्तकात अगदी तसेच चित्र होते.

आता कोणी म्हणेल, त्यागाची ही मोठी गोष्ट आहे, आईची महती आहे. मला हे पटत नाही. आणि बौद्ध म्हणून तर आपल्याला ते मुळीच पटू नये.

सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे घोर तप केले. आहार इतका कमी केला, की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, असे मज्झिम निकायात वर्णन आहे. आणि त्यातून त्यांना काय मिळाले? काही नाही. इतक्या झिजलेल्या शरीराने चित्त एकाग्र होणे सोपे नाही, हे त्यांनी ओळखले आणि अन्न घेतले. सुजाताने दिलेल्या त्या भोजनाची आठवण म्हणून आपण वैशाख पौर्णिमेला खीर वाटतो. सोबतचे पाच परिव्राजक, गौतम खाऊ लागला म्हणून त्यांना सोडून गेले. पुढे सारनाथला याच पाच जणांना तथागतांनी पहिला उपदेश केला. त्याची सुरुवातच चैनीचे टोक नको आणि देह पिडण्याचेही टोक नको, इथून होते.

अडीच हजार वर्षांनी डॉक्टरांनी हेच तपासून पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा इथे अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. शरीर झिजले हे तर अपेक्षितच होते. पण ते तरुण चिडचिडे झाले, उदास झाले, कशात मन रमेना. दिवसरात्र डोक्यात जेवणच. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले. उपाशी माणसाचे मन अन्नापासून मुक्त होत नाही, ते अन्नालाच बांधले जाते. घरात सतत खेकसणारी सून, वर्गात लक्ष नसलेला पोरगा यांना बोल लावण्याआधी त्यांनी सकाळी काय खाल्ले, एवढे विचारायला काय हरकत आहे?

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातली एक गोष्ट आहे. मला ती फार आवडते. भगवान बुद्ध तिथे आले होते. एका गरीब शेतकऱ्याला त्यांचा उपदेश ऐकायचा होता, पण नेमका त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधत तो रानोमाळ फिरला आणि बैल सापडल्यावर तसाच उपाशी, दमलेला येऊन उभा राहिला. सारे लोक उपदेशाची वाट पाहत बसलेले. बुद्धांनी आधी विचारले, संघाच्या भोजनातले काही उरले आहे का? त्या शेतकऱ्याला बसवून पोटभर वाढायला लावले. तो जेवून होईपर्यंत थांबले आणि मगच बोलायला सुरुवात केली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, की एका माणसाच्या जेवणासाठी शास्ता थांबले! तेव्हा त्यांनी सांगितले, की भुकेने पीडलेल्याला धम्म समजत नाही. त्याच प्रसंगाच्या गाथेत भूक हा सर्वांत मोठा रोग म्हटला आहे. रोग म्हटला आहे, पुण्य नव्हे.

आमच्या विहारात मात्र त्या सुनेच्या भुकेसाठी वाचन थांबले नव्हते. ती पडली तेव्हा थांबले.

मग उपोसथ करायचा की नाही? जरूर करा, पण बाराच्या आधी व्यवस्थित जेवा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, रक्त कमी असलेले यांनी संध्याकाळचे जेवण सोडू नये. शील मोडेल ही भीती मनातून काढून टाका. विनयात खुद्द आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे दुपारनंतरही घ्यायची मुभा तथागतांनी दिली आहे. आणि ज्या घरांत बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अजून चतुर्थीचा साबुदाणा भिजतो, त्यांच्याविषयी मी इथे काही बोलत नाही. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसे काही नसते, एवढे आरोग्याचे पान म्हणून सांगते.

भुकेला आणखी एक बहीण आहे, तृष्णा. दोघी सारख्या दिसतात, पण भूक जेवल्यावर शांत होते आणि तृष्णा जेवल्यावर वाढते. कोसलचा राजा पसेनदी एकदा द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांजवळ आला. त्यांनी त्याला मोजून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले, की रोज माझ्या जेवणाच्या वेळी ही गाथा म्हणत जा. हळूहळू आहार कमी झाला, अंग हलके झाले. आज आपल्या गल्लीत पसेनदीही आहेत आणि आळवीचा शेतकरीही, बऱ्याचदा एकाच घरात. बाप रोज रात्री दारू-चकणा आणि वडापाववर, त्याची साखर वाढलेली. पोरगं पाच रुपयांच्या चुरचुरीत पुड्यांवर. आणि आईचे हिमोग्लोबिन सात.

पण हा सगळा दोष आपल्या माथी मारून घ्यायचा नाही. आपल्या समाजाची भूक कधी फक्त पोटाची नव्हती. ती लादलेली होती. येसकराच्या पाळीत दारोदार फिरून आणलेले शिळे तुकडे आपल्या आजीच्या पिढीने खाल्ले आहेत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते पोटापेक्षा मानासाठी. आणि ज्याने चांगले खाल्ले त्याचे काय झाले? जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी १९३६ मध्ये एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून आल्यावर जातभाईंना तूप घातलेले जेवण दिले, तर सवर्णांनी चालून येऊन पंगत उधळली, जेवणाऱ्यांना झोडपले. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी हे नोंदवले आहे. आपण उपाशी असण्याचा त्यांना राग नव्हता. आपण तूप खातो याचा होता.

म्हणून ‘हलके’ समजले गेलेले आपले अन्न खाताना लाजू नका. कलेजी, वजडी, रक्ती, सुकट, बोंबील यांत जे प्रथिन आणि लोह आहे ते महागड्या डब्यातल्या पावडरीत शोधायची गरज नाही. बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले होते, ताजे अन्न नव्हे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला एक स्वस्त घास गेला. त्याची जागा बहुतेक घरांत कशानेच भरून निघाली नाही. जे मांस खात नाहीत त्यांनी बाजरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, शेवग्याचा पाला, चवळी-माठाची भाजी लोखंडी कढईत करावी आणि वर लिंबू पिळावे. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने लागत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. बीट लाल असते म्हणून रक्त वाढते हा समज सोडा. बीटाच्या लाल रंगाने रक्त वाढत नाही.

आणि हक्काचे सोडू नका. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य. घरात आलेल्या सुनेचे, जन्मलेल्या बाळाचे नाव कार्डावर चढवले नाही तर तितके किलो दर महिन्याला बुडतात. अंगणवाडीचा आहार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईचा आहे. तो घरी आणून सगळ्यांनी वाटून खायचा नसतो. अर्थात तांदूळ-गव्हाने पोट भरते, ताट भरत नाही. डाळ, तेल, अंडी यांची हमी तो कायदा देत नाही. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. धान्य मिळूनही ही अवस्था. हे मागणे आपल्या संघटनांच्या निवेदनांत पुतळ्याच्या आणि कमानीच्या मागणीशेजारी कधी दिसेल, याची मी वाट पाहते आहे.

जिना चढताना धाप लागणे, जीभ फिकी पडणे, पाटीची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही रक्त कमी असल्याची लक्षणे आहेत. पेन्सिल खाणाऱ्या पोरीला मारू नका, तिचे रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळीने शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून बायका ती पंखाच्या मागे, उशीखाली लपवतात. काळे होणे अपायकारक नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका.

त्या सुनेला शिरेतून लोहाची इंजेक्शने द्यावी लागली. तिच्या सासूला मी म्हटले, “आत्या, आजपासून ती तुमच्याबरोबर जेवेल, मागून नाही.” आत्या आधी रागावल्या. मग म्हणाल्या, “मी तरी कुठं कधी कुणाबरोबर जेवले?” त्यांचेही रक्त तपासले. ८.९.

वर्षावासाच्या शेवटच्या पौर्णिमेला विहारात भोजनदान होते. आमच्या मंडळाने यंदा पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्या बायकांची बसवली, पुरुषांनी वाढले. वाढणाऱ्यांनी भात सांडला, आमटीत डाव बुडवला, बराच गोंधळ झाला. सून आणि आत्या शेजारी बसल्या होत्या. सुनेचे हिमोग्लोबिन तोवर १०.४ झाले होते. भात संपला आणि वाढप्या पुढे निघाला, तेव्हा तिने हात वर केला. “दादा, अजून वाढा.”