बुडीत मजुरीचं बाळंतपण

महाराष्ट्रात घरी बाळंत होणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं आढळलं. लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचं प्रमाण २०१८-२० मध्ये देशात ९७ होतं, महाराष्ट्रात ३३. ही कमाई आपोआप झालेली नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत झाली आणि गावोगावच्या आशा सेविकांनी बायकांना हाताला धरून तिथवर नेलं. त्याच पाहणीतले पुढचे आकडे मात्र कोणी फारसे मिरवत नाही. राज्यातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालच्या चार मुलांमधलं एक उंचीच्या मानाने हडकुळं आहे, आणि आधीच्या फेरीतही हे प्रमाण इतकंच, २५.६ टक्के होतं. बाळंतपणाचा दिवस आपण बऱ्यापैकी सांभाळला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने ज्याचे त्याच्यावर सोडून दिले. याचं मुख्य कारण, माझ्या मते, औषधांच्या तुटवड्यात किंवा बायकांच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा त्यांच्या हजेरीत शोधावं.

सरकारी सेवा फुकट असली तरी ती घ्यायला जाणं फुकट नसतं. तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. उपकेंद्रातली तपासणी एक वेळ अर्ध्या दिवसात उरकते. सोनोग्राफीसाठी तालुक्याला जायचं तर सकाळची एसटी पकडायची, रांगेत बसायचं, संध्याकाळी परतायचं, आणि सोबत नवरा किंवा सासू आली तर दोघांची मजुरी गेली. दहापैकी तीन गरोदर बायकांच्या चार तपासण्याही पूर्ण होत नाहीत, हे याच पाहणीतून दिसतं. या बायकांना समुपदेशन करावं, असं मग अहवालात लिहिलं जातं. तपासणी करून घ्यावी हे त्यांना कळत नाही, असं मानणं सोयीचं असतं, कारण उपदेशाला पैसे लागत नाहीत. तोच हिशेब विश्रांतीचा. अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भ साधारण किलोभराचा असतो आणि पूर्ण दिवस भरताना तीन किलोच्या आसपास जातो. बाळाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. नेमक्या त्याच काळात आई कमी जेवून जास्त राबत असेल, तर बाळाच्या वाट्याला यायचं ते तिच्या कष्टातच जिरतं. गोळ्यांनी रक्त वाढेल, पण त्या गोळ्या काही डोक्यावरचं ओझं उतरवत नाहीत.

हे सगळ्यात उघडं दिसतं ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळून, आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे बाई गरोदर राहिली तरी अर्धा कोयता मोडता येत नाही. नवऱ्याने तोडायचं, तिने पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. राहायला फडाच्या कडेची कोपी. आता तिच्या नावावरच्या सेवा मोजू. नोंद गावच्या अंगणवाडीत, घरपोच आहार गावात, माता-बाल कार्डावरची परिचारिका गावची, आशाही गावचीच. स्थलांतरित बाईची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत वळवता येते, पण त्यासाठी ती कुठल्या फडावर आहे हे कोणाला तरी ठाऊक हवं, आणि फड तर दर काही दिवसांनी बदलतो. सेवा गावाला बांधलेल्या आणि बाई मजुरीला बांधलेली, अशी ही गाठ आहे. नाशिकच्या वीटभट्टीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर गेलेल्या बाईची कथा फार वेगळी नाही.

नोकरदार बाईच्या बाबतीत हा प्रश्न आपण कधीच सोडवला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. तिला कोणी विचारत नाही की हे पैसे तू दुधावर खर्च केलेस की साडीवर. शेतमजूर बाईसाठी त्याच वर्षी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, पूर्वी तीन हप्त्यांत, आता ३,००० आणि २,००० अशा दोन. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ५,००० रुपये म्हणजे जेमतेम १६ दिवसांची मजुरी. आठवड्याचे सहा दिवस धरून २६ आठवड्यांचा हिशेब केला, तर रक्कम ४८,६७२ भरते. एकीला सहा महिने, दुसरीला सोळा दिवस. गंमत अशी की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले होते, त्यात पहिल्या मुलाची अट नव्हती. कायदा एक सांगतो आणि योजना दुसरं देते.

योजनेच्या रचनेतही अशी एक खोच आहे की ती आखणाऱ्यांच्या लक्षात कशी आली नाही याचं नवल वाटतं. दुसऱ्या खेपेला ६,००० रुपये मिळतात, पण मुलगी झाली तरच. मुलींचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला. पण गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, तेव्हा मुलगी झाली हे जन्मानंतरच कळणार, आणि म्हणून हे पैसे गरोदरपणात मिळणं शक्यच नाही. मुलगा झाला तर नंतरही नाहीत. ज्या नऊ महिन्यांसाठी मदत हवी, त्या महिन्यांत दुसऱ्या खेपेला या योजनेतला एक रुपयाही मिळत नाही. पहिल्या खेपेतलाही २,००० चा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावरचा. वर आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, खातं आधारला जोडलेलं नाही, अशा अडचणी नव्या नवरीच्या कागदांत हमखास निघतात, आणि त्या निस्तरायला पुन्हा एक दिवस बुडवावा लागतो.

पैसे देण्याविरुद्ध नेहमीचे आक्षेप आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. पैशाने जन्म वाढतील हा त्यातला सगळ्यात जुना. तमिळनाडूने १९८७ पासून मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने असं साहाय्य सुरू केलं, रक्कम वाढवत २०१८ साली १८,००० वर नेली. २०१९-२१ च्या पाहणीत त्या राज्यात एका स्त्रीमागे सरासरी १.८ मुलं होती, लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ पेक्षा कमीच. ओडिशाने ‘ममता’ योजनेत २०११ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना साहाय्य दिलं, तिथेही लोकसंख्येचा स्फोट झाल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप, पैसे नवरा दारूत उडवेल. काही घरांत उडवेलही. म्हणूनच तमिळनाडूने १८,००० पैकी १४,००० रोख दिले आणि ४,००० चा पोषक आहाराचा संच दिला. मग सगळंच अन्नरूपात का नको, असं यावर कोणी म्हणेल. आपल्या आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना आहे, अंगणवाडीत एक चौरस गरम जेवण. घरी नेलेला शिधा सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, हे जेवण तिच्या पोटात जातं. योजना उत्तम आहे. पण सकाळी सातला कामावर गेलेली बाई दुपारी जेवायला अंगणवाडीत येणार कशी? जेवणाने भूक भागते, काम थांबत नाही. थांबायला मजुरीची भरपाईच लागते.

ही भरपाई सरकारला अनोळखी नाही. कुपोषित मूल दवाखान्यात ठेवलं की त्याच्यासोबत राहणाऱ्या आईबापाला आदिवासी भागात बुडीत मजुरी दिली जाते. मूल कुपोषित झाल्यावर देता, तर ते होऊ नये म्हणून आधी का नाही? पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न २०२४ नंतर महाराष्ट्रात तरी कोणी विचारू नये. लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज धरला गेला. राज्यात वर्षाकाठी होणारे जन्म २० लाखांच्या आत आहेत. अगदी प्रत्येकीला तमिळनाडूइतके १८,००० दिले तरी ३,६०० कोटी होतात, आणि फक्त मजूर घरांपुरतं ठेवलं तर त्याहून बरेच कमी. लाडकी बहीण २१ वर्षांपासून सुरू होते, हेही विसरू नये. अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिलटकरीण झालेली, म्हणजे ज्या वयात जोखीम जास्त आणि घरात आवाज कमी, ती पोर त्यातूनही बाहेरच.

मजुरीचा धागा बाळंतपणानंतरही सुटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५.५ वर आला. त्याच धर्तीवर आज आशा दवाखान्यातून परतलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा भेटते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, वजन करते, ताप बघते, बाळ नीट पितंय का ते पाहते. पण ही पद्धत आई घरी आहे असं धरून चालते. विसाव्या दिवशी बाई खुरपायला गेली असेल, तर आशेला दारात आजी आणि पाण्याची बाटली भेटते.

सरकारने रक्कम वाढवावी, दुसऱ्या खेपेची मुलीची अट काढावी, सातव्या महिन्यापासून हप्ता महिन्याला द्यावा, हे तर आहेच. पण वाचकांपैकी अनेक जण स्वतःच मालक आहेत, घरकामाला येणाऱ्या बाईचे, छोट्या दुकानातल्या मुलीचे, शेतावरच्या मजुरणीचे. त्यांच्यावर २६ आठवड्यांचा कायदा लागू नाही. तुमच्याकडे काम करणारी बाई गरोदर असेल, तर तपासणीच्या दिवसाचा पगार कापू नका, शेवटच्या दोन आणि नंतरच्या दोन महिन्यांचा पगार द्या आणि काम तिच्यासाठी राखून ठेवा. तिची मातृवंदनेची नोंद झाली आहे का, हेही विचारा. आधार, आधारला जोडलेलं तिच्या नावाचं बँक खातं, माता-बाल कार्ड वगैरे कागदपत्रं घेऊन अंगणवाडीत किंवा आशेकडे गेलं की अर्ज भरून मिळतो, आणि त्या दिवशीची सुट्टी तिला तुम्हीच देऊ शकता.