मोठ्या आतड्याचा कॅन्सर: जंतू पोटात, मग ताट वेगळं कशाला?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका कॅन्सर रुग्णाच्या घरी गेलो, तेव्हा त्यांचं ताट आणि पेला वेगळा ठेवलेला दिसला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ‘जंतू सापडतात’ असं त्यांच्या मुलाने मोबाईलवर वाचलं होतं. वाचलेलं खरं होतं, पण त्याने काढलेला अर्थ चुकला होता. ताट वेगळं ठेवल्यावर माणसाला काय वाटतं, हे आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

आतड्यात लाखो कोटी जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. भाकरी, डाळ, पालेभाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, शिवाय आतली सूजही त्याने आटोक्यात राहते.

काही जंतू मात्र त्रासाचे. फ्युसोबॅक्टेरियम हा एरवी तोंडात राहणारा, हिरड्यांच्या आजारात वाढणारा जंतू. २०१२ साली दोन संशोधक गटांनी तो आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत मोठ्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. ज्यांच्या गाठीत तो जास्त, ते रुग्ण सरासरीने कमी जगतात आणि केमोथेरपीला गाठ दाद देत नाही, असंही पुढे दिसलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी सुमारे २०० गाठी तपासल्या, तेव्हा या जंतूचा एक विशिष्ट उपप्रकार जवळपास निम्म्या गाठींत निघाला.

दुसरा जंतू ई. कोलाय. त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात आणि ते पेशीच्या डीएनएवर ओळखता येतील अशा खुणा ठेवतं. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीनंतर आजार झालेल्यांपेक्षा चाळिशीच्या आत झालेल्यांत या खुणा ३.३ पट जास्त आढळल्या. ही इजा बालपणीच होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. तंबाखू, दारू, लठ्ठपणा, आनुवंशिकता ही कारणंही आहेतच.

म्हणून हा आजार ताटातून पसरतो का? नाही. फ्युसोबॅक्टेरियम तर निरोगी माणसांच्या तोंडातही असतो.

एका तरुण साथीने विचारलं, ‘मग अँटिबायोटिकची एक स्ट्रिप घेऊन टाकली तर?’ अजिबात नको. मेट्रोनिडॅझोलने गाठीची वाढ मंदावली ती उंदरांमध्ये. मनाने गोळ्या घेतल्या तर कामाचे जंतूही मरतात.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये हा कॅन्सर खूप, दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत फार कमी. पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय आणि आफ्रिकेतल्या खेड्यातले २० जण यांचा आहार दोन आठवडे उलटा केला. भरपूर चोथ्याच्या जेवणाने अमेरिकनांच्या आतड्यातली सूज उतरली, ब्युटिरेट अडीच पट झालं. मांस आणि चरबीचं जेवण मिळालेल्या आफ्रिकनांचं नेमकं उलट झालं. पूर्वज आफ्रिकेचेच, पण जेवण बदललं तसं आतडं बदललं. आता आपल्या वस्तीतल्या दुकानात काय टांगलेलं असतं ते आठवा: पाच-दहा रुपयांची पाकिटं. भाजी त्याहून महाग. मग दोष फक्त खाणाऱ्याच्या सवयीला कसा द्यायचा?

हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक रुग्ण वाचतात. आपल्याकडे उशीर होतो, कारण संडासवाटे रक्त गेलं की मूळव्याध समजून महिनोन्महिने जडीबुटी चालते. या रुग्णाचे आठ महिने असेच गेले. रक्त, शौचाच्या सवयीत बदल, कारण नसताना घटणारं वजन किंवा रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर वय कमी असलं तरी तपासणी हवी. अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून लक्षणं नसतानाही तपासणीचा सल्ला दिला जातो. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. ही मागणी आपण लावून धरायला हवी. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कागदपत्रं आधीच तयार ठेवा.

पुढच्या शिबिराच्या फॉर्ममध्ये ‘संडासवाटे रक्त जातं का?’ हा प्रश्न आम्ही घातला आहे. चारचौघांत त्याचं उत्तर बायका देत नाहीत, म्हणून तो कार्यकर्तीनेच बाजूला घेऊन विचारायचा, असं ठरलं आहे.