मोनिकाच्या मठाला वीस मिनिटं पुरत नाहीत

सकाळी ६.३०. पणजीच्या चर्चसमोरून बसथांब्याकडे निघते. मी मूळची नवेगाव बांधची, आता गोव्यात गाइड. या चर्चमधली मोठी घंटा १८७१ साली इथे आली. मूळची ती जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीनच्या मठातली, आणि त्या मठाच्या पडक्या बुरुजाजवळच आज माझं काम आहे.

८.३०. गट आला. अर्जुनी मोरगावकडच्या, म्हणजे माझ्याच गावाकडच्या बायका! ओळख देताच एकीने हातात चिवड्याची पुडी कोंबली.

९ ते १०. बॉम जीझस बॅसिलिका. गर्दी, फोटो, चपला शोधणं.

१०.१५. टेकडी चढून सांता मोनिका. बहुतेक बस इथे थांबतच नाहीत, आणि मला ते सहन होत नाही. पूर्वेकडचा हा ननांचा पहिला मठ. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये तो सुरू केला, इमारत पुरी व्हायला १६२७ उजाडलं. फिलिपा फेरेरा नावाची विधवा आणि तिची मुलगी या पहिल्या ननांपैकी. १६३६ मध्ये आग लागली, पुन्हा बांधकाम झालं. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, आणि बाहेरून दिलेले अजस्र धिरे. एका जागी गिलावा सुटलाय. तिथे मी सगळ्यांना हात लावायला सांगते. जांभ्याची भोकं बोटाला लागतात, त्यांत जुना चुना अजून घट्ट बसलेला आहे.

मग मी या भिंतींआडचा दिवस सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांच्या दिवसाचे घंटेवर भाग पाडून दिले: पहाटेपूर्वीची प्रार्थना, सूर्योदयाची, मग मधल्या तिन्ही वेळांची, सांजेची, निजण्यापूर्वीची. मधल्या वेळात काम. गोव्यातल्या नना ऑगस्टीनच्या नियमाच्या, पण घंटांची चौकट तीच. ऑक्सफर्डजवळ गॉडस्टोला बेनेडिक्टाइन ननांचा मठ होता, तो १५३९ मध्ये बंद झाला; आज तिथे पडक्या भिंती उरल्यात. इथे छप्पर शाबूत आहे, म्हणून खोल्यांची मांडणी अजून वाचता येते.

एक आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "याहिले माहेरची याद नव्हती येत का वं?"

"येत असेल, आजी. पण एकदा व्रत घेतलं की बाहेर पडणं नव्हतं. भेटायला आलेल्यांशीही जाळीआडूनच बोलायचं."

"आन् चूल कोन पेटवे?"

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मठात दासी होत्या, त्यांतल्या किती तरी गुलाम म्हणून आणलेल्या. घंटा ननांना उठवायची. दासींनी त्याआधी उठून पाणी भरलेलं असायचं. १६९९ मध्ये लिस्बनला या मठाचा इतिहास छापून निघाला. त्यात ननांच्या कहाण्या आहेत. दासींची नावं शोधायची तर जुन्या कागदांत बोट ठेवून ओळ न् ओळ चाळावी लागेल, आणि ते काम कोणीतरी करावं असं मला फार वाटतं.

१२. मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले. इथल्या ननांना राहू दिलं, नव्या मात्र घेऊ दिल्या नाहीत. शेवटची १८८५ मध्ये वारली. १९६४ पासून माटेर देई संस्था इथे आहे, म्हणजे व्रतस्थ बाया आजही इथेच शिकतात. हे ऐकल्यावर आजींचा जीव जरा भांड्यात पडला.

१.३०. जेवण. कोणीतरी विचारलं, आपला नवेगावचा तलाव जुना की हा मठ? कोलू पाटील कोहळींनी बांध घातला तो अठराव्या शतकात, मठ त्याहून शंभरेक वर्षं आधीचा. यावर जोरदार वाद झाला.

३. ऑगस्टीनचा बुरुज, ४६ मीटर. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली, १९३१ मध्ये बुरुजाचा अर्धा भाग. उत्खननात सापडलेले जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष २०२१ मध्ये तिच्या देशाला परत दिले.

५.३०. बस गेली. वेळापत्रकात मोनिकाला वीसच मिनिटं असतात, म्हणून आयोजकांना फोन करून तिच्यासाठी तास मागितला. पुढच्या गटासाठी चाळीस मिनिटं कबूल झाली. चुलीचा भाग आता मी सुरुवातीलाच सांगणार आहे.