निसर्ग शिबिरे आणि पाळीव कुत्री

शिराळा तालुक्याच्या पश्चिमेस, वारणेच्या खोऱ्यात चांदोलीचे अरण्य पसरले आहे. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. अशा अरण्यालगत विद्यार्थ्यांचे शिबिर भरविताना राखणीसाठी कुत्रा सोबत असावा, असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य होय. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. म्हणजे राखणदारच बिबट्यास तंबूपर्यंत आणू शकतो.

दुसरा धोका रोगाचा. कुत्र्यांमधील ‘डिस्टेंपर’ हा विषाणुजन्य रोग वन्य मांसभक्षकांनाही जडतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटी येथे त्याने सुमारे एक हजार सिंहांचा बळी घेतला. २०१८ मध्ये गीरमधील मृत सिंहांतही हा विषाणू सापडला. सह्याद्रीतील कोळसुंदा तर कुत्र्याच्याच कुळातील. रेबीजची लस या रोगापासून संरक्षण देत नाही. त्याची लस वेगळी असते.

तेव्हा शिबिरात कुत्रा न नेणे हेच इष्ट. गावातील कुत्री उष्ट्याच्या वासाने येतात. म्हणून शिक्षकांनी उष्टे उघड्यावर टाकू देऊ नये. ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने दोन्ही लसी टोचून घेतल्यास गाव आणि अरण्य दोहोंचेही रक्षण होईल.