पाडण्याचा हिशेब

कंपनी कायद्याने आरसीसी इमारतीचं उपयुक्त आयुष्य ६० वर्षं धरलंय आणि पुलाचं ३०. प्राप्तिकर खातं राहत्या इमारतीवर दरसाल पाच टक्के घसारा देतं. मुंबईत हे आकडे ताळेबंदातच राहतात. गिरगावात शंभरीच्या आसपासची चाळ टेकूंवर उभी असते आणि तिकडे बोरिवलीत १९८८ साली बांधलेल्या चार मजली सोसायटीभोवती पाडकामाचे पत्रे लागलेले असतात. नुसत्या बांधकामाच्या ताकदीवरून याचा उलगडा होत नाही.

चाळीचा हिशेब १९४७ सालीच संपला. त्या वर्षीच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. महिन्याला मिळणाऱ्या भाड्यातून जिन्याचा कठडा बदलणंही परवडेना, तेव्हा मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. भाडेकरूही जागा सोडेना, कारण इतक्या भाड्यात दुसरी खोली कुठे मिळणार? शेवटी १९६९च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं. तेव्हा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. मालकाच्या लेखी मेलेली इमारत सरकारी टेकूवर जगत राहिली आणि पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी हा वार्षिक रिवाज झाला.

उपनगरातल्या सोसायटीचं दुखणं वेगळं. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर जिन्याखालच्या स्लॅबवर हातोडीने ठोकत जातो. आवाज बद्द आला की आत सळी गंजून फुगलीय हे कळतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे ढकलून पाडतो. सळीवरच्या काँक्रीटच्या थराला कव्हर म्हणतात. १९७८च्या भारतीय मानकात स्लॅबसाठी किमान कव्हर होतं १५ मिलिमीटर. २००० सालच्या मानकात किनारी हवेसाठी ते ४५ झालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात शिरतो, म्हणजे कव्हर दुप्पट तर सळीपर्यंत पोचायला चौपट वर्षं. त्या काळी वाचवलेल्या मूठभर सिमेंटची किंमत आजचे सभासद मोजताहेत.

तरीही परांची बांधून, गंज खरवडून, पॉलिमर मॉर्टर आणि जॅकेटिंग करून अशा बऱ्याच इमारती आणखी काही वर्षं नीट उभ्या राहू शकतात. पैसा कुठून आणायचा, इथे घोडं अडतं. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायची गंगाजळी, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल. समजा, १९८८ साली खर्च आला ५० लाख. वर्षाचे झाले १२,५००. पस्तीस वर्षांचे ४,३७,५००. व्याज धरून रक्कम काही पट होईल, पण तो पाव टक्का जुन्याच खर्चावर बसलेला असतो आणि आजच्या दराने एवढ्यात चारी बाजूंचं काम निघणं कठीण. त्याच वेळी बिल्डर फुकट नवं घर, जास्तीचा कार्पेट एरिया, काम चालू असतानाचं भाडं आणि कॉर्पसची रोख रक्कम घेऊन दारात उभा असतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरांचा मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल तो आकडा, एक होता. त्यावर पुढे टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून आणलेला बांधकामाचा हक्क), प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) आणि २०१२पासून ३५ टक्के फंजिबल एफएसआय चढले. जमिनीवर बांधता येणारं क्षेत्र इतकं वाढल्यावर दुरुस्तीचा ठराव कोण मांडणार? ऑडिटचा निकाल कधीकधी सभेच्या मूडप्रमाणे येतो, असं माझं मत झालंय.

पुलाला एफएसआय नसतो. १९१२चा शीवचा रेल्वेपूल २०२४मध्ये बंद झाला, तो जीर्ण होता म्हणून आणि पाचव्या-सहाव्या मार्गिकेला जागा हवी होती म्हणूनही. सावित्री नदीवरचा १९२८चा पूल मात्र कुणाच्या नव्या योजनेची वाट न पाहता २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला.

पुनर्विकासाच्या गणिताची खरी परीक्षा पुढच्या फेरीत आहे. चार मजल्यांचे बावीस झाले, लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक पार्किंग आलं. चाळीस वर्षांनी हा टॉवर पाडून दुप्पट बांधायला तितका एफएसआय कोण देणार? तेव्हा बाविसाव्या मजल्यापर्यंतच्या परांचीचे पैसे सभासदांनाच काढावे लागतील. नव्या सोसायट्यांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंड तरीही पाव टक्क्यावरच ठरतो.