बाळंतिणीच्या पोटावरचा हात

नाळ कापायला, वार पुरायला, विटाळाची लुगडी धुवायला अनेक गावांत अस्पृश्य जातींतली बाई बोलावली जाई. काम संपले की तिच्याच स्पर्शाचा विटाळ. बाळंतिणीच्या शुश्रूषेविषयी बोलताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही, कारण ही शुश्रूषा मुळात स्पर्शाचेच शास्त्र आहे.

पहिले चोवीस तास सर्वांत धोक्याचे. परिचारिका ओटीपोटावर हात ठेवते ती गर्भाशय चेंडूसारखे घट्ट आहे का, हे पाहण्यासाठी. प्रसूतीनंतर ते बेंबीच्या आसपास लागते, मग रोज साधारण बोटभर खाली उतरते. सैल लागले तर रक्त वाहत राहते. ते चोळून घट्ट करावे लागते, आधी बाईला लघवी करायला लावावी लागते. ताप आणि दुर्गंधीचा स्राव म्हणजे जंतुदोषाची शंका. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी म्हणजे रक्तदाबाची. बाळ झाले म्हणून झटक्यांचा धोका संपत नाही. सतत रडणाऱ्या, बाळाकडे न पाहणाऱ्या बाईला घर 'नाटकी' म्हणते. तोही आजारच असू शकतो. ही लक्षणे नवऱ्यालाही सांगितली पाहिजेत. गाडी बोलवायला बहुधा तोच धावणार असतो.

अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : सिकलसेल आहे का? पूर्व विदर्भातील दलित-आदिवासींत हा रक्तदोष बराच आढळतो. अशा बाळंतिणीची हाडे ठणकली, धाप लागली तर 'बाळंतवात' म्हणून शेगडी पेटवून भागत नाही. आणि तिला पाणी तोडणे तर जिवावर बेतू शकते.

शेजारच्या गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्याच बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी 'आशा'ने घरी जावे, अशी देशव्यापी योजना २०११ मध्ये आली. सर्व भेटींचे मिळून मानधन ठरले २५० रुपये. हा हात तेव्हाही स्वस्त होता!

पण तपासणीला विश्रांतीची जोड हवी. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडली. १९२९ चा कायदा आला तो कारखान्यांतील बायांपुरता. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या मजूर बाईला आजही पगारी रजा नाही. रोवणीच्या दिवसांत ४२ व्या दिवसाची भेट कधी कधी बांधावरच उरकावी लागते.